मांजरीच्या खोलीचं तापमान

मांजरीच्या खोलीतल्या स्विचच्या अकराव्या पोर्टचं तापमान सकाळी एकेचाळीस अंश असायचं. अकरा चाळीसला ते वाढायला लागायचं, बारा पाचपर्यंत सेहेचाळीसवर जायचं आणि एक वाजून दहा मिनिटांनी उतरू लागायचं. रविवारी ते एकेचाळीसवरून हलत नसे.

हे मला खराडीतल्या आमच्या ऑफिसच्या चौथ्या मजल्यावर बसून दिसायचं. मांजरी गावाजवळची आमच्या केबलची ती खोली तिथून आठ किलोमीटरवर आहे. मी ती कधी पाहिली नव्हती.

इंटरनेटच्या फायबरच्या दोन्ही टोकांना स्विच नावाची पेटी असते आणि तिच्या पोर्टमध्ये, म्हणजे खाचेत, एकेक मॉड्यूल खोचलेलं असतं. बोटाएवढा धातूचा तुकडा. त्याच्या आत लेसर असतो, तो काचेच्या धाग्यात प्रकाश सोडतो. हे मॉड्यूल स्वतःविषयी पाच आकडे सांगतं: तापमान, व्होल्टेज, लेसरने ओढलेला प्रवाह, पाठवलेला प्रकाश आणि मिळालेला प्रकाश. पुणे शहरात आमची अशी सुमारे तीन हजार मॉड्यूल्स होती आणि त्यांचे आकडे बघणं हे माझं काम. मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलं तेव्हा असं काही काम असतं हे कुणालाच माहीत नव्हतं. वडील पोस्टात होते. मी कॉलेजात शिकवावं असं त्यांच्या मनात होतं. पण नव्वदच्या दशकात कॉलेजांची भरती बंद होती आणि टेलिफोनच्या कंपन्या निघत होत्या.

नवीन मुलांना मी एक गोष्ट पहिल्याच दिवशी सांगते. लेसर जुना होतो तेव्हा त्याचा प्रकाश कमी होत नाही, निदान लगेच नाही. मॉड्यूल प्रकाश तेवढाच ठेवतं, फक्त त्यासाठी जास्त प्रवाह ओढायला लागतं. बाहेरून पाहणाऱ्याला सगळं ठीक दिसतं. म्हणून प्रकाश नंतर बघायचा, आधी प्रवाह.

अकराव्या पोर्टचा प्रवाह मार्चमध्ये चव्वेचाळीस मिलिअँपिअर होता. जुलैमध्ये साठ झाला. साठला आमची प्रणाली धोक्याची सूचना देते. तेवीस जुलैला ती आली तेव्हा मी ती मर्यादा साठवरून पंचाहत्तर केली. सूचना बंद झाली. कुणी विचारलं नाही, कारण विचारणारी व्यक्ती मीच होते.

असं का केलं ते सांगायचं तर दुपारच्या त्या पाच अंशांबद्दल सांगावं लागेल.

ती वाढ मार्चमध्ये सुरू झाली. आधी मला ऊन वाटलं, पण ऊन ऋतूप्रमाणे सरकतं आणि ही वेळ सरकत नव्हती. एसीचा दोष म्हणावा तर चोवीस पोर्टपैकी फक्त नऊ ते चौदा एवढेच तापत होते, आणि त्यातही मधले दोन जास्त. सहा पोर्टची रुंदी दहा सेंटिमीटर भरते. त्या स्विचला हवा बाहेर जायला वरच्या पत्र्यात भोकं असतात. दहा सेंटिमीटर रुंद, बहुधा गोल अशी एक वस्तू त्या भोकांवर ठेवली जात होती आणि एक दहाला उचलली जात होती. रविवार सोडून.

कुणीतरी जेवणाचा डबा गरम करत होतं.

त्या खोलीवर कंत्राटी कंपनीचा एक राखणदार असे. कागदावर त्याचं नाव कोंडीराम, वय अठ्ठावन्न. त्याच्या नावापुढे मोबाइल नंबरही होता. एक फोन केला असता तर काम झालं असतं.

मी केला नाही. एप्रिलमध्ये केव्हातरी माझ्या लक्षात आलं, की मी माझा डबा एक दहाला उघडते. त्याआधी मी वेळ मिळेल तेव्हा जेवत असे. आता पडद्यावरची रेष उतरायला लागली की मी लॅपटॉप बाजूला सरकवून डबा समोर घ्यायचे. आमच्याकडची निकिता एकदा म्हणाली, "मॅडम, तुमचा जेवायचा मुहूर्त असतो का हो? एक दहा म्हणजे एक दहा. आम्ही बारा चाळीसला बोलावतो तर येत नाही."

"तेव्हा लोड कमी असतो," मी म्हणाले.

"कुणाचा? तुमचा की नेटवर्कचा?" बाकीच्या मुली हसल्या. मीही हसले. त्या चांगल्या आहेत. त्यांच्या टेबलावर लग्नाचे हॉल, गृहकर्ज आणि अमेरिकेतला क्लायंट असे विषय असतात. दोन वर्षांपूर्वी आई गेल्यापासून कोथरूडच्या घरी मी एकटीच असते. माझ्याकडे सांगायला काही नसतं. हे कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून मी त्यांच्यात बसत नाही.

कोंडीरामविषयी मी काही अनुमानं काढली होती. मार्चपूर्वी डबा ठेवला जात नव्हता, म्हणजे तेव्हा त्याला दुपारी घरून गरम जेवण येत असावं. मार्चमध्ये ते बंद झालं. अठ्ठावन्नाव्या वर्षी माणसाचं गरम जेवण अचानक का बंद होतं? त्याची बायको गेली असावी. आता तो सकाळी स्वतः काहीतरी रांधून आणतो, एकटाच गरम करतो, एकटाच जेवतो. या अनुमानाला आधार फक्त एका आलेखाचा होता हे मला कळत होतं. तरी ते मी सात महिने धरून ठेवलं.

मॉड्यूल बदलायचं तर अर्ज भरावा लागतो, आणि अर्जाला मागच्या सहा महिन्यांचा आलेख आपोआप जोडला जातो. त्यात ते पाच अंश दिसले असते. डब्यामुळेच लेसर खराब झाला असं मी सिद्ध करू शकत नाही, मॉड्यूल मुळात जुनं होतं. पण सिद्ध होईपर्यंत कुणी थांबलं नसतं, कारण त्या खोलीला माणूस हवा की नको याचा विचार वर चालूच होता.

तो विचार सौरभचा. सौरभ माझा वरिष्ठ, वयाने माझ्याहून बारा वर्षांनी लहान.

"मॅडम, मांजरीत काही होतच नाही," तो जुलैमध्ये म्हणाला होता. "या वर्षी पूर्वेच्या रूटवर नऊ केबल कट झाले. मांजरीच्या तुकड्यात झीरो. मग तो मनुष्य तिथे करतो काय? खुर्ची उबवतो? रीडिंग तर सगळी तुम्ही इथून घेता. तुम्ही लिहून द्या, खोली अनअटेंडेड चालेल म्हणून. बाकी मी बघतो."

"बघून सांगते," मी म्हणाले.

ऑगस्टमध्ये त्याने पुन्हा विचारलं. सप्टेंबरमध्ये म्हणाला, "तुमची सही म्हणजे हापूस झाली मॅडम. सीझन आल्याशिवाय मिळायची नाही."

अकराव्या पोर्टच्या जोडणीवर पूर्वेकडची चार इस्पितळं आणि एक रक्तपेढी होती. ऑक्टोबरात प्रवाह एकाहत्तरवर गेला. मी रोज सकाळी आकडा बघायचे आणि रोज ठरवायचे, की आज सांगायचं. मग अकरा चाळीस वाजायचे.

दसऱ्याच्या आधीच्या गुरुवारी रेष सपाट राहिली.

शुक्रवारीही राहिली. शनिवारीही. रविवार नेहमीचाच. सोमवारी मी अकरा वाजल्यापासून दुसरं काही उघडलं नाही. एकेचाळीस अंश. दाराच्या सेन्सरवरून दार रोज उघडतंय एवढं कळत होतं, पण ते बदली माणसानेही उघडलं असतं. फोन उचलला आणि ठेवला. काय विचारणार होते? ओळख ना पाळख, तुमचा डबा का नाही म्हणून?

मंगळवारी मी डबा न उघडताच घरी परत नेला. रात्री तो धुताना वाटलं, आई आजारी होती तेव्हाही मी अशीच सगळं टिपून ठेवत होते: ताप, रक्तदाब, लघवीचं प्रमाण. डॉक्टर म्हणाले होते, इतकी व्यवस्थित वही आम्ही पाहिली नाही. आईशी त्या दिवसांत मी काय बोलले, ते मात्र मला आठवत नाही.

बुधवारी साइटची पाहणी अशी नोंद करून मी स्कूटर काढली. पर्समध्ये एक नवं मॉड्यूल घेतलं. बदलायची परवानगी नव्हती, तरी घेतलं.

नदी ओलांडली की ऊस सुरू होतो आणि उसाच्या मधून नव्या इमारती वर येतात. खोली रस्त्यापासून आत होती, पत्र्याचं दार, बाहेर एसीचा खोका. शेजारच्या प्लॉटवर अर्धवट बांधकाम, काम बंद. दारासमोर प्लास्टिकच्या खुर्चीवर एक माणूस बसला होता. खाकी शर्ट, डोक्याला टॉवेल.

"कोन पायजे?"

"कोंडीराम तुम्हीच का?"

"मीच. का?"

मी स्कूटर स्टँडवर लावली. मग म्हणाले, "खराडीच्या ऑफिसातून आले. सुनीती."

"खराडीवरनं?" तो उठला. "तिकडनं मानसं बी येत्यात व्हय? नऊ वर्सं झाली, मी म्हनलं तिकडं नुसता फोनच राहतो."

त्याने कुलूप काढलं. आत थंड होतं. एसीखाली रंगाचा जुना डबा होता, त्यात टपटप पाणी पडत होतं. टेबलावर स्विच, हिरवे दिवे नीट लुकलुकणारे. वरच्या पत्र्यावर हळदीचा गोल डाग होता. मी त्यावर तळहात आडवा ठेवून पाहिला. दहा सेंटिमीटर.

"मामा, इथे डबा ठेवता ना?"

त्याने टॉवेल डोक्यावरून काढून हातात घेतला.

"अकरा चाळीसला ठेवता. एक दहाला उचलता. मार्चपासून."

"कोनी सांगितलं? त्या सुपरवायझरनं?"

"कुणी नाही. हे यंत्र त्याचं तापमान मला कळवतं. मी तिकडे बसून बघते."

त्याने स्विचकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "सात म्हैनं बघताय?"

"हो."

"आन् येक फोन न्हाई?"

मी म्हणाले, "फोन केला असता तर तुम्ही ठेवणं बंद केलं असतं."

"केलंच आसतं की. त्याला चालत न्हाई म्हनल्यावर मी कशाला ठिवीन? मशीन आपसूक गरम हाय, वाया चाललंय, म्हून ठेवत व्हतो." त्याने टॉवेल झटकला. "तुमी म्याडम, शिकल्या-सवरल्या. सांगायचं सोडून बघत बसला?"

 मी विचारलं, "गुरुवारपासून का ठेवत नाही?"

"कांताबाई न्हाई ना."

"कांताबाई कोण?"

"ह्या बाजूच्या बिल्डिंगीवर काम करती. भंडाऱ्याकडची हाय. कालवण तिचं आसतंय, डबा बी तिचाच. ती, तिचा मालक, तो जेसीबीवाला शंभू आन् मी. आमी चौघं बसतो की हितं सावलीला. भाकरी कशी बी चालती, कालवण गरम पायजे म्हनती ती. मार्चला काम सुरू झालं, तवापास्नं."

"मग आता कुठे गेली?"

"नागपूरला. दसऱ्याला दीक्षाभूमीला जात्यात ना ती मानसं. पंदरा दिवसांनी येतील. शंभू सासरी गेलाय."

हे मला सुचायला हवं होतं. आई दर वर्षी दसऱ्याच्या काही दिवस आधी पिशवी भरून नागपूरच्या गाडीत बसायची. पांढरी साडी, चिवडा, वाटेत वाटायला पुस्तिका. तिच्यानंतर मी गेले नाही, आणि पडद्यावर रोज तारीख बघूनही दसरा जवळ आल्याचं माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"तुमच्या घरी कोण असतं?" मी विचारलं.

"बायको हाय, पोरगा हाय, सून हाय. बायकोचं तोंड सकाळी सहाला चालू व्हतंय. म्हून तर मी भाकरी बांदून लवकर निघतो."

मी खाली पाहिलं. रंगाच्या डब्यात पाणी काठाशी आलं होतं. त्याने बोलता बोलता तो उचलला, बाहेर रिकामा केला आणि परत जागेवर सरकवला. मी घड्याळ पाहिलं, सवयीने.

"हे किती वेळाने करता?"

"दोन घंट्यांनी. न्हाई वतलं तर त्या वायरींत जातंय. चार वर्सं झाली सांगतोय सुपरवायझरला."

"इतके दिवस तुम्ही काहीच गरम केलं नाही?"

"येकट्यासाठी कोन गरम करतंय? गार गिळायचं आन् उठायचं."

हे त्याने तक्रार म्हणून म्हटलं नव्हतं. मला मात्र तिथे उभं राहवेना. मी बाहेर आले. तो मागून आला आणि मला वाटतं, ही बाई रागावली आहे असं समजून काहीतरी दाखवावं म्हणून खोलीच्या मागच्या बाजूला घेऊन गेला.

खोलीपासून मोठ्या रस्त्यापर्यंत जमिनीवर विटांची रांग होती, प्रत्येक वीट चुन्याने रंगवलेली. मधेच एक लांब खड्डा तिच्या दिशेने आला होता आणि विटांपासून चार हातांवर सरळ वळला होता.

"ह्याच्या खालनं तुमची केबल हाय," तो म्हणाला. "शंभूनं पयल्या दिशी हितं बकेट घातलं. म्या त्याला शिव्या घातल्या, त्यानं मला घातल्या. म्हनला, तुझ्या बापाची जमीन हाय का? मग दुसऱ्या दिशी त्याला म्हनलं, ये, जेवाया बस. कांताबाईचं कालवण खाल्लं आन् गप झाला. आता इटा बगितल्या की मशीन वळवतोय. तिकडं थेऊर रोडला ह्या वर्सात किती येळा तोडली म्हनं?"

"नऊ वेळा."

"हितं?"

"एकदाही नाही."

"मंग," तो म्हणाला आणि विडी काढून परत खिशात ठेवली.

मी त्या वळलेल्या खड्ड्याकडे बघत राहिले. शून्य हा आकडा मी सात महिने माझ्या तक्त्यात लिहीत होते. सौरभ त्याच आकड्यावरून म्हणत होता, की इथे माणसाची गरज नाही, आणि त्याला उत्तर द्यायला माझ्याकडे काही मोजलेलं नव्हतं. तो शून्य कांताबाईच्या कालवणातून आला होता. तो डबा ज्या यंत्रावर गरम होत होता त्याचा लेसर कदाचित त्यामुळेच लवकर निकामी होत चालला होता. दोन्ही खरं होतं. आणि डबा आता दुसरीकडे कुठेतरी गरम होईल, एवढंही खरं होतं. माझ्या पडद्यावर दुपारी काहीही होणार नव्हतं.

मी आत जाऊन लॅपटॉप जोडला. प्रवाह त्र्याहत्तर.

"जेवलाय का?" त्याने दारातून विचारलं.

"नाही. आणलाय डबा."

"मंग बसा की. गार हाय, पर हाय."

आम्ही भिंतीच्या सावलीत बसलो. त्याने मला खुर्ची दिली आणि स्वतः पायरीवर टेकला. माझ्या डब्यातली दुधीची भाजी त्याने भाकरीच्या तुकड्याने उचलून पाहिली.

"मीठ न्हाई यात."

"एकटीपुरती करते. अंदाज येत नाही."

"आं," तो म्हणाला. "आदी येकटीचं न्हवतं वाटतं."

"आई होती."

त्याने चटणीची पुडी माझ्याकडे सरकवली.  बऱ्याच दिवसांनी कुणाच्या तरी शेजारी बसून जेवत होते, आणि जेवताना माणूस किती आवाज करतो हे मी विसरले होते. तेवढ्यात फोन वाजला. सौरभ.

"मॅडम, कुठे आहात? सिस्टिममध्ये साइट व्हिझिट दिसतेय. चक्क तुम्ही, बाहेर? पाऊस पडणार का पुण्यात?"

"मांजरीत आहे."

"अरे वा, बेस्ट. तीन वाजता डायरेक्टरांचा कॉल आहे, त्यात मांजरीचं क्लोज करून टाकू. तुम्ही स्वतः बघितलंय म्हटल्यावर प्रश्नच नाही. रीडिंग वगैरे ओके ना?"

"प्रकाश ठीक आहे," मी म्हणाले.

"झालं तर मग. एका शब्दात सांगा, माणूस काढायचा ना? मी लिहून घेतो, साइन उद्या करा."

कोंडीरामने भाकरी खाली ठेवली होती. तो माझ्याकडे बघत नव्हता. पायरीवरचं एक खरकटं तो बोटाने टिपत होता, ते टिपून झालं तरी टिपत होता. फोनचा आवाज मोठा होता, त्याने सगळं ऐकलं असणार.

मला नेहमीसारखं 'बघून सांगते' म्हणता आलं असतं. तोंडात तेच आलं होतं. मी ते गिळलं आणि उभी राहिले, कारण पुढचं मला बसून बोलता येईना.

"मॅडम? आहात का?"

"आहे. एका शब्दात होणार नाही, सौरभ. लिहून घे. अकराव्या पोर्टचं मॉड्यूल कधीही बंद पडेल. मला आत्ता दहा मिनिटं जोडणी बंद ठेवायची परवानगी हवी आहे, नवं मॉड्यूल माझ्याजवळ आहे."

"कधीही म्हणजे? अलार्म कुठे आलाय?"

"येणार नाही. तेवीस जुलैला त्याची मर्यादा मी बदलली. कुणाला न विचारता, आणि कारण कामाचं नव्हतं. तीन वाजताच्या कॉलमध्ये हे मी स्वतः सांगणार आहे. आणि त्यानंतर हेही सांगणार आहे, की मांजरीच्या खोलीला माणूस लागतो, आणि तसं मी सही करून देते आहे."